दहाव्या वर्षीच पोरांच्या वाटा वेगळ्या? तुमच्याकडे कसं असतं?

पागोळी · १९ जानेवारी

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज धागा काढायची वेळ आलीच.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. लेक चौथीत आहे. इथे बायर्न राज्यात प्राथमिक शाळा चौथीलाच संपते आणि पाचवीपासून तीन वेगळ्या शाळा. गिम्नाझियुम, म्हणजे तेरावीला आबिटूर देऊन थेट विद्यापीठ. रेआलशूले दहावीपर्यंत. आणि मिटेलशूले नववी-दहावीपर्यंत, तिथून बहुतेक मुलं कामधंद्याच्या शिक्षणाला लागतात. कोण कुठे जाणार हे तीन विषयांवर ठरतं: जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय. श्रेणी १ ते ६, १ सगळ्यात चांगली. तिन्हींची बेरीज ७ पर्यंत आली, म्हणजे सरासरी २.३३, तर गिम्नाझियुम. ८ झाली, म्हणजे २.६६, तर रेआलशूले. त्यापुढे मिटेलशूले. खरा दाखला मेच्या सुरुवातीला मिळतो, पण जानेवारीत एक मधला निकाल देतात. तो परवा हातात पडला. बेरीज ८.

लेकीला गणितात २ आहे. घोडं अडतंय ते जर्मनमध्ये. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, ती घाईत लहान लिहिते आणि प्रत्येक वेळी चूक धरली जाते. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना "तुझी बेरीज किती?" विचारतात म्हणे. दहा वर्षांची पोरं!

मला हे अन्यायाचं वाटतं. दुधाचे दात अजून पडताहेत आणि आपण ठरवतोय की डॉक्टर कोण होणार आणि सुतार कोण. तुम्ही जिथे असाल तिथे ही विभागणी कधी होते, कशी होते, आणि नंतर वाट बदलता येते का? भारतातल्यांनीही लिहा.

तिसरी_घंटा · १९ जानेवारी

चौथीत मला एवढंच कळायचं की डब्यात काय आहे.

एल्बेकाठ · १९ जानेवारी

पागोळीताई, बायर्न म्हणजे अख्खं जर्मनी नव्हे हो. इथे शिक्षण हा राज्यांचा विषय, सोळा राज्यं आणि सोळा तऱ्हा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गला प्राथमिक सहावीपर्यंत आहे. आम्ही हाम्बुर्गात आहोत, इथे चौथीनंतर दोनच प्रकार: गिम्नाझियुम आणि श्टाटटाइलशूले. दुसऱ्या शाळेतूनही आबिटूर होतं, फक्त एक वर्ष जास्त लागतं. कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या बाजूला शिक्षक शिफारस करतात, पण शेवटचा शब्द आईबापांचा. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१२ मध्ये शिफारशीची सक्ती काढून टाकली होती, आता गिम्नाझियुमपुरती पुन्हा आवळली आहे. बायर्नवाले पहिल्यापासून कडक.

"डॉक्टर कोण आणि सुतार कोण" हे वाक्य मात्र पटलं नाही. इथल्या सुताराचं घर आणि गाडी बघून या एकदा.

सायकलस्वार_नाना · १९ जानेवारी

नेदरलँड्समधून हजेरी. आमच्याकडे बाराव्या वर्षी. प्राथमिकचे आठ गट, आठव्या गटात शिक्षक सल्ला देतात आणि फेब्रुवारीत एक परीक्षा होते. मग व्हीएमबीओ ४ वर्षं, हावो ५ वर्षं, व्हीडब्ल्यूओ ६ वर्षं. विद्यापीठाला जायचं तर शेवटचं.

यात एक गोष्ट मला आवडते. परीक्षेत मूल शिक्षकांच्या अंदाजापेक्षा वर गेलं तर सल्ला वर सरकवावा लागतो. खाली गेलं तर सल्ला खाली येत नाही. आधी यात शाळेची मर्जी बरीच चालायची आणि परदेशी आईबापांच्या मुलांना शिक्षक हात राखून सल्ला देतात अशी ओरड होती. आमच्या थोरल्याला सल्ला हावोचा होता, परीक्षेने व्हीडब्ल्यूओ दाखवलं.

आणि हो, शेवटची परीक्षा पास झाली की इथे घराबाहेर राष्ट्रध्वज लावतात आणि काठीला पोराचं दप्तर टांगतात. जूनमध्ये गल्लीतून फिरलं की कुणाकडचा निकाल कसा लागला ते पेपर न वाचता कळतं. दप्तर न टांगलेल्या घराची बेल मात्र आठवडाभर वाजवायची नाही, हा अलिखित नियम.

गुलमोहर_क · २० जानेवारी

सिंगापूर. बाराव्या वर्षी पीएसएलई, म्हणजे प्राथमिकच्या शेवटची परीक्षा. चार विषय: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा. प्रत्येकात १ ते ८ असा स्तर, चार मिळून ४ सगळ्यात उत्तम आणि ३२ सगळ्यात वाईट. ९० च्या वर गेलं की स्तर १. २०२१ च्या आधी याहून वाईट पद्धत होती, मुलाचे गुण इतर सगळ्या मुलांच्या तुलनेत काढायचे. तुमचं पोर ९२ वर असलं तरी शेजारचं ९५ वर असेल तर तुमचं खाली.

आधी निकालावरून एक्सप्रेस, नॉर्मल अकॅडेमिक आणि नॉर्मल टेक्निकल असे तीन प्रवाह होते. २०२४ पासून ते नावापुरते गेले. आता वर्ग मिश्र असतो आणि मूल प्रत्येक विषय वेगळ्या पातळीवर घेऊ शकतं. गणित वरच्या, भाषा खालच्या. पागोळी, तुमच्या लेकीला हे फिट बसलं असतं बघा.

अवांतर: मातृभाषेच्या पेपरला मराठी नाही. चिनी, मलय आणि तमिळच्या पलीकडे हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू एवढ्याच भारतीय भाषा. त्यामुळे माझी मराठी पोरगी "मातृभाषा" म्हणून हिंदी शिकते, आणि आजीशी फोनवर "आजी, मी जाती है" असं बोलते.

तिसरी_घंटा · २० जानेवारी

आजी "मी आती है" म्हणाली का?

खडूफळा · २० जानेवारी

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. धागा वाचून हसू आलं ते एवढ्यासाठी की परदेशात मुलांची वाटणी होते म्हणून आपण हळहळतो, आणि आपल्याकडची विसरतो.

पाचवीला मुलं आली की आम्ही काय करायचो? चौथीचे गुण बघून तुकड्या पाडायचो. 'अ' मध्ये हुशार, 'ब' मध्ये बरे, 'क' मध्ये सोसायटीतले आणि वाड्यावस्तीवरचे, 'ड' मध्ये उरलेले. 'अ' ला गणिताचे चांगले सर. 'ड' ला जो शिक्षक नवा लागला असेल तो, आणि तोही निवडणुकीच्या कामाला गेला तर तास ऑफ. आठवीला पुन्हा चाळण: 'अ' ला संपूर्ण संस्कृत, बाकीच्यांना हिंदी-संस्कृत संयुक्त किंवा नुसतं हिंदी. पुढे सेमी-इंग्लिश आलं तेही आधी 'अ' लाच. कुठल्याही कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. पालकांना कुणी विचारत नव्हतं, निकषही भिंतीवर लावलेला नसायचा. जर्मनीत निदान बेरीज सांगून टाकतात.

मी पुढे मिसळ तुकड्या केल्या तेव्हा सगळ्यात मोठा विरोध 'अ' च्या पालकांचा झाला. संस्थाचालकांपर्यंत गेले. "आमच्या मुलांना ओढून खाली आणता" म्हणाले. दोन वर्षांत 'ड' मधली मुलं वर्गात हात वर करायला लागली हे त्यांना दाखवलं, तर म्हणाले, "पण आमच्या मुलाचा नंबर गेला ना."

चिंचेचा_पार · २० जानेवारी

सर, मी 'ड' तला. आम्हाला सगळे 'ढ' म्हणायचे. आज 'अ' तले दोन जण माझ्या प्लॉटिंगचे हप्ते भरतात. जय हिंद.

ऊनपाऊस · २० जानेवारी

+१ खडूफळा सर. आणि तुकड्यांच्याही आधी वाटणी होते ती माध्यमाने आणि फीने. जिल्हा परिषद, अनुदानित, सीबीएसई, आयसीएसई. तीन वर्षांच्या मुलाची वाट बापाचा पगार ठरवतो. कुठली बेरीज आणि कुठलं काय.

लाल_डबलडेकर · २१ जानेवारी

इंग्लंडमध्ये हेच सगळं एकाच देशात बघायला मिळतं. १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी इलेव्हन-प्लस घ्यायचे, पास ते ग्रामर स्कूल, नापास ते सेकंडरी मॉडर्न. १९६५ नंतर बहुतेक जिल्ह्यांनी ते मोडलं आणि सगळ्यांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह आणलं. पण केंट, बकिंगहॅमशर असे काही हटून बसले. आज इंग्लंडात १६३ ग्रामर शाळा उरल्यात. स्कॉटलंड-वेल्समध्ये एकही नाही.

आणि या १६३ शाळांच्या आसपास आपली माणसं कशी गोळा झाली आहेत ते बघायचं तर स्लाउला या. परीक्षा सहावीच्या सप्टेंबरात, तयारी चौथीपासून. शनिवारी सकाळी क्लास, रविवारी मॉक टेस्ट. गणपतीची आरती परीक्षेच्या तारखेला अडचण करते म्हणून मंडळाने वेळ बदललेली मी पाहिली आहे. सरकारी शाळा, फी शून्य, म्हणून "गरीब हुशार मुलांची शिडी" म्हणतात. पण त्या शिडीला लागणारे क्लास महिन्याला कितीचे, ते विचारा.

सोळाव्या वर्षी जीसीएसई, आठ-दहा विषय. त्यानंतर ए-लेव्हलला तीनच. सोळाव्या वर्षी तीन विषय निवडून बाकीच्या जगाला रामराम ठोकणं मला दहाव्या वर्षीच्या वाटणीइतकंच विचित्र वाटतं. आमच्या चिरंजीवांनी गणित, पुढचं गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं. सोळाव्या वर्षानंतर एक निबंध लिहिलेला नाही पठ्ठ्याने.

पोटमाळा · २१ जानेवारी

न्यू जर्सी. आमच्याकडे अशी परीक्षा नाही, त्यामुळे आम्ही जरा निवांत आहोत. नववी ते बारावी हायस्कूल, पत्त्यावरून ठरलेली शाळा, सगळी पोरं एका छपराखाली. डॉक्टर होणारा आणि गॅरेज काढणारा एकाच कँटीनमध्ये जेवतो. विषय आपले आपण निवडायचे, वर्षाला ठरावीक क्रेडिट जमवायचे. मला ही पद्धत सगळ्यात माणुसकीची वाटते.

लाल_डबलडेकर · २१ जानेवारी

पोटमाळा भाऊ, "पत्त्यावरून" हा शब्द तुम्ही फार पटकन उरकलात. घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलं नव्हतं का?

पोटमाळा · २१ जानेवारी

बघितलं होतं. सगळेच बघतात. आधी शाळा, मग स्वयंपाकघर.

डाळिंबी_उसळ · २२ जानेवारी

मी टेक्ससमधून. पोटमाळा यांनी अर्धंच सांगितलं. अमेरिकेत शाळांचा बराच पैसा तिथल्या घरपट्टीतून येतो. महाग घरं, भरपूर कर, चांगली शाळा, म्हणून घरं आणखी महाग. गेटवर परीक्षा नसते कारण गेट गृहकर्जाचं असतं.

आणि एका छपराखाली असली तरी पोरं एका वर्गात नसतात. गणिताचं उदाहरण घ्या. आठवीत अल्जेब्रा वन झालं तर बारावीपर्यंत कॅलक्युलसला पोचता येतं. नववीत झालं तर मध्ये कुठेतरी उन्हाळ्यात किंवा दुप्पट विषय घेऊन भरून काढावं लागतं. म्हणजे सहावी-सातवीच्या प्लेसमेंट टेस्टला वाट ठरली. फरक इतकाच की बऱ्याच आईबापांना ती टेस्ट आहे हेच ठाऊक नसतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये समानतेसाठी आठवीतलं अल्जेब्रा काढून टाकलं. ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर क्लास लावले. २०२४ मध्ये लोकांनी मत देऊन सांगितलं की परत आणा.

न्यूयॉर्कमध्ये तर उघड परीक्षाच आहे, स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स वगैरेंसाठी. आठवीतली पोरं एक पेपर देतात आणि त्यावर सगळं.

बर्फाचा_गोळा · २२ जानेवारी

फिनलंडवाले कुठे गेले म्हणून कुणी विचारायच्या आत येतो, कारण अशा धाग्यावर "फिनलंडमध्ये तर परीक्षाच नसतात" हे वाक्य शंभर टक्के येतं.

खरं असं आहे. सातव्या वर्षी शाळा सुरू, नऊ वर्षं सगळ्यांना एकच पेरुसकोऊलु. पूर्वी इथेही जर्मनीसारखं अकराव्या वर्षी वेगळं करायचे, ते १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मोडलं. शिक्षकाला मास्टर्स पदवी लागते. दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट, १९४८ पासून. नववीनंतर दोन वाटा: लुकिओ, म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेज समजा, किंवा व्यवसाय शिक्षण. तिथे मात्र गुण लागतात. श्रेणी ४ ते १०, आणि हेलसिंकीतल्या काही नावाजलेल्या लुकिओंना सरासरी ९ च्या वर लागते. म्हणजे स्पर्धा आहे, फक्त सोळाव्या वर्षापर्यंत थांबते. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यालाही विद्यापीठाला अर्ज करता येतो. २०२१ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं झालं आणि पुस्तकं, लॅपटॉपही फुकट.

आता दुसरी बाजू. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली वाचनात पहिले आले म्हणून सगळं जग इथे सहलीला आलं. २००६ नंतर आकडे घसरताहेत आणि इथल्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर रोज वाद असतो. सहलीला येणारे अजून जुनीच स्लाइड बघून जातात.

एल्बेकाठ · २२ जानेवारी

पिसाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तीच २००० ची चाचणी जर्मनीला जबर लागली होती. निकाल डिसेंबर २००१ मध्ये आला, देश मधल्या फळीच्याही खाली. आणि आईबापांच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांशी संबंध इथे सगळ्यात घट्ट असलेल्या देशांमध्ये जर्मनी निघाला. तेव्हापासून लवकर वाटणी करण्यावर वाद चालू आहे. त्यामुळे पागोळीताई, तुमची तक्रार जुनी आहे आणि इथल्या लोकांचीही आहे. माझा मुद्दा वेगळा होता: आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करता करता शिकायच्या व्यवसाय शिक्षणाला, कमी लेखू नका.

आमच्या कंपनीत उत्पादन विभागाचा प्रमुख आहे. रेआलशूले करून सोळाव्या वर्षी मेकाट्रॉनिक्सच्या आउसबिल्डुंगला लागला. साडेतीन वर्षं, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, बाकी दिवस कंपनीत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. पुढे टेक्निकरची परीक्षा. मी आयआयटीतून मास्टर्स करून आलोय आणि मशिन बंद पडलं की त्याच्या टेबलापाशी उभा राहतो.

पागोळी · २३ जानेवारी

एल्बेकाठ, पटतंय. पण तो प्रमुख जर्मन आहे ना? त्याच्या आजीला सिस्टीम माहीत होती. आमच्या शेजारच्या सिरियन कुटुंबातला मुलगा मिटेलशूलेत गेला तेव्हा पुढे काय करता येतं हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. वाट आहे, पण ती कुठून वळते हे आधीपासून ठाऊक असणाऱ्यांनाच सापडते.

मांडवीचा_वारा · २३ जानेवारी

गोंयकार हजर. आमच्या आजोबांच्या वेळी गोव्यात पोर्तुगीज शाळा. आधी प्राथमिकची 'प्रिमेर ग्राव', मग 'सेगुंद ग्राव', आणि त्यापुढे परवडलं तर पणजीचं लिसेव, सात वर्षांचं. परवडायचं कुणाला? भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, पोरांना. उरलेले मराठी शाळेत, किंवा इंग्रजी शिकून मुंबईची मॅट्रिक द्यायला गोव्याबाहेर, बेळगाव-सावंतवाडीला. आजोबा सेगुंद ग्राव होऊन थांबले आणि त्यावर कस्टममध्ये कारकून लागले. म्हातारपणी आम्हाला लॅटिन म्हणी ऐकवायचे, कुणाकडून शिकले देव जाणे.

बॅगेत_आणि_भाकरी · २३ जानेवारी

फ्रान्स, तुलूझ. इथे इयत्ता उलट्या मोजतात. अकराव्या वर्षी सहावीत, मग पाचवी, चौथी, तिसरी, नंतर दुसरी, पहिली आणि शेवटची. विमानांचं गाव असल्यामुळे काउंटडाउन शोभतो. तिसरीपर्यंतचं कॉलेज १९७५ च्या कायद्याने सगळ्यांना एकच केलं. पंधराव्या वर्षी शिक्षकांची सभा बसते आणि ठरवते, सामान्य लिसे की व्यावसायिक. शेवटी बाकालोरेआ, नेपोलियनने १८०८ मध्ये सुरू केलेली. त्यात चार तासांचा तत्त्वज्ञानाचा पेपर, विज्ञानवाल्यांनाही. आमची लेक चार तास एकाच प्रश्नावर लिहीत बसली आणि घरी येऊन म्हणाली, "उत्तर माहीत नाही, पण नऊ पानं झाली."

लाल_डबलडेकर · २३ जानेवारी

हे आमच्या चिरंजीवांना पाठवतो. धमकी म्हणून.

निशिकासाई_कट्टा · २४ जानेवारी

टोकियो. ६-३-३, १९४७ पासून. पहिली नऊ वर्षं सक्तीची आणि पत्त्याप्रमाणे शाळा, वर्ग मुलंच झाडतात. पंधराव्या वर्षी हायस्कूलची प्रवेश परीक्षा. हायस्कूल सक्तीचं नाही तरी जवळजवळ सगळेच जातात, त्यामुळे प्रश्न "जायचं का" हा नसून "कुठल्या" हा असतो. प्रत्येक शाळेला हेन्साची नावाचा आकडा चिकटलेला, ५० म्हणजे सरासरी. शेजारणीने मुलाचं हायस्कूल सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच आकडा उमटतो. संध्याकाळी सहाला पोरं शाळेतून नाही, जुकुत निघालेली दिसतात. जुकु म्हणजे आपले क्लास हो. इथे आल्यावर दादरला आल्यासारखं वाटलं.

नारळीपाक · २५ जानेवारी

पुण्याहून. दादरचं नाव निघालं म्हणून लिहिते, कारण आपल्याकडे दहावीपर्यंत तुकडी असो वा नसो, खरी गंमत अकरावीला.

पोरगा गेल्या वर्षी दहावी झाला. आता अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत (मुंबईत २००९ पासून होते). फॉर्मचा पहिला भाग, दुसरा भाग, पसंतीक्रम, पहिली यादी, दुसरी यादी. चांगलं अनुदानित कॉलेज मिळालं. मग कळलं की सायन्सच्या वर्गात पोरंच नाहीत. निम्मा वर्ग एका क्लासने टाय-अप केलेल्या कॉलेजात फक्त नावाला दाखल झालेला आणि दिवसभर क्लासच्या एसी हॉलमध्ये. प्रॅक्टिकलची वही तयार मिळते. क्लासची फी न भरणारे आम्ही मूर्ख ठरतो.

तर पागोळी, आपल्याकडे सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच अभ्यासक्रम आहे आणि सोळाव्या वर्षी कॉलेज असूनही कॉलेज नाही. फिनलंडने तोपर्यंत थांबून लुकिओ दिलं, आपण तोपर्यंत थांबून हॉल दिला.

तिसरी_घंटा · २५ जानेवारी

एसी हॉल. तुम्ही एसीचा उल्लेख गाळू नका, फी त्याचीच आहे.

वर्कशॉप_नंबर_२ · २५ जानेवारी

धाग्यात एक गोष्ट राहून गेली. आपल्याकडेही मागच्या दाराने वर जायची वाट आहे, आणि मी त्याच वाटेने आलो.

दहावीला ५८ टक्के. आठवीपासून टेक्निकल विषय होता, लेथवर हात बसलेला, म्हणून पॉलिटेक्निकला जागा मिळाली. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. माझ्या बॅचला आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक जण होता. वेल्डिंगच्या तासाला सर त्यालाच शिकवायला उभा करायचे. बारावीवाल्यांनी आम्हाला पहिल्या सेमिस्टरला गणितात धुतलं आणि आम्ही त्यांना ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये.

घरी मात्र डिप्लोमा म्हटल्यावर मामाने आईला विचारलं होतं, "बारावी झेपणार नव्हती का?" एल्बेकाठ म्हणतात तो सुताराचा मान जर्मनीत असेल. आपल्याकडे वाट आहे, मान नाही.

खडूफळा · २६ जानेवारी

वर्कशॉप भाऊ, आमच्या शाळेतला टेक्निकलचा विभाग शिक्षक निवृत्त झाल्यावर बंद पडला. जागा भरली नाही. लेथ अजून आहे, वर ताडपत्री टाकलेली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालात कामाचा अनुभव हा शिक्षणाचाच भाग धरला होता. आपण त्यातलं १०+२+३ घेतलं. बाकीचं कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं करून संपवलं.

चिंचेचा_पार · २६ जानेवारी

सर, लेथ विकायचा असेल तर सांगा. गंभीरपणे विचारतोय.

पागोळी · ६ मे

धागा वर काढतेय. दाखला मिळाला. जर्मन ३, गणित २, तिसरा विषय ३. बेरीज ८ च राहिली.

आता दोन पर्याय. एक, रेआलशूलेत नाव घालायचं. दोन, गिम्नाझियुमच्या प्रोबेउन्टररिख्टला बसवायचं: तीन दिवस नव्या शाळेत, अनोळखी शिक्षकांपुढे जर्मन आणि गणित. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळालं तर प्रवेश, दोन्हींत ४ मिळाले तरी आईबाप हट्टाने घालू शकतात. नवरा म्हणतो बसवू, हरकत काय. लेक म्हणते तिच्या दोन मैत्रिणी रेआलशूलेत जाताहेत. मला काही सुचत नाही. म्युनिकवाले कुणी आहेत का?

इसारकाठची_सई · ६ मे

मी आहे. माझा मुलगा याच वाटेने गेला म्हणून लिहिते.

प्रोबेउन्टररिख्टला बसायला हरकत काही नाही, पण मुलीला स्वतःला हवं असेल तरच. तीन दिवस पोटात गोळा घेऊन बसायचं असतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी पास झाली आणि खूश आहे. दुसरा मुलगा ४-४ घेऊन आईबापांच्या हट्टाने गेला आणि सहावीत परत रेआलशूलेत आला, तेव्हाचे त्याचे हाल मी पाहिलेत.

रेआलशूलेत सातवीपासून गट निवडायचा असतो. गणित-विज्ञानाचा पहिला गट तुमच्या लेकीला बरोबर बसेल. दहावीनंतर एफओएस नावाची वरची शाळा: बारावी केली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाला जाता येतं, तेरावी केली तर आबिटूरपर्यंत पोचता येतं. किंवा दहावीनंतर गिम्नाझियुमचा खास पूरक वर्ग करून तिथल्या वरच्या वर्गात. पाचवीच्या शेवटीही गुण चांगले असले तर गिम्नाझियुमला जाता येतं, फक्त बऱ्याचदा पाचवी पुन्हा करावी लागते. माझा मुलगा एफओएसला आहे, तेरावी करणार म्हणतोय.

आणि ती मोठी अक्षरं वर्षभरात येतात हो. माझ्या मुलाची सहावीत आली.

सायकलस्वार_नाना · ६ मे

मैत्रिणींचा मुद्दा हलका धरू नका. दहाव्या वर्षी बाकावर शेजारी कोण बसतं यावर बरंच काही ठरतं.

लाल_डबलडेकर · ७ मे

मी उलटं म्हणेन. एकदा बसवून बघा, नाहीतर नवरा पुढची दहा वर्षं "बसवलं असतं तर" म्हणत राहील. माझ्याकडे असा नमुना घरीच आहे.

पागोळी · ९ मे

सई, फार उपयोग झाला. एफओएसबद्दल शाळेतल्या सभेत एका ओळीत उरकलं होतं, तेरावीचं तर कुणी बोललंच नाही. काल लेकीला बसवून सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने प्रोबेउन्टररिख्ट नको म्हटलं. नवऱ्याने नाराजीने का होईना मान हलवली. मंगळवारी रेआलशूलेत नाव घालायला जाणार. जन्मदाखल्याची मूळ प्रत मागितली आहे, ती पुण्याच्या बँकेच्या लॉकरमध्ये. कुणाला अनुभव आहे का, भाषांतरित आणि प्रमाणित प्रत चालते का?

इसारकाठची_सई · ९ मे

आम्ही प्रमाणित भाषांतर दिलं होतं, चाललं. तरी आधी शाळेच्या ऑफिसात फोन करा, सकाळी अकराच्या आत. नंतर कुणी उचलत नाही.

ऊनपाऊस · ९ मे

अभिनंदन लेकीचं. कुणी झ्युरिकचे आहेत का? बहीण तिकडे जातेय, भाचा पाचवीत. सहावीनंतर परीक्षा असते आणि पास झालं तरी सहा महिने प्रोबेशन, असं काहीतरी सांगत होती.

एल्बेकाठ · ९ मे

असतं. पण त्यावर वेगळा धागा काढा, हा आता चार महिने जुना झालाय.